बाथरूममधलं विजेचं काम: स्वतः काय करायचं, वायरमनकडे काय सोपवायचं आणि कोणत्या क्रमाने

आधी गिझर विकत घेतला जातो. मग प्लंबर येऊन तो भिंतीला टांगतो, पाइप जोडतो, आणि सगळ्यात शेवटी घरातलं कुणीतरी विचारतं, "आता प्लग कुठे लावायचा?" काम इथेच फसतं. मग दिव्याच्या पॉइंटवरून पॉवर प्लग काढला जातो, अर्थिंगची वायर मोकळी सोडली जाते, आणि पहिल्या थंडीत नळाला हात लावला की मुंग्या येतात. बरोबर क्रम याच्या नेमका उलटा आहे: आधी संरक्षण, मग वायर, मग पॉइंट आणि सर्वात शेवटी गिझर. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. एखादी तपासणी नापास झाली, तर पुढच्या पायरीवर जाऊ नका.

## १. आधी रेषा ओळखा: कायद्याने तुम्ही कशाला हात लावू शकता

वीज कायदा २००३ अंतर्गत केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम आहेत. २०१० च्या नियमांची जागा २०२३ मध्ये नव्या नियमांनी घेतली, पण मूळ तत्त्व तेच राहिलं. विजेच्या मांडणीतली वाढ, बदल किंवा दुरुस्ती परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करायची. सूट फक्त दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, २५० व्होल्टपर्यंतचं घरगुती उपकरण आणि फिटिंग बदलण्याला. तीसुद्धा एका अटीवर: त्या बदलाने मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये.

ही अट घरातल्या कामांना लावून पाहू.

- जळालेला बल्ब, तुटलेला स्विच, बंद पडलेला एक्झॉस्ट फॅन यांच्या जागी तशीच वस्तू बसवणं: स्वतः करता येतं.
- २००० वॉटचा गिझर काढून त्याच सॉकेटवर २००० वॉटचाच नवा लावणं: स्वतः करता येतं.
- त्याच सॉकेटवर ३००० वॉटचा लावणं: क्षमता बदलली, ठेकेदाराचं काम.
- नवा पॉइंट काढणं, बोर्ड हलवणं, वायर बदलणं, १६ च्या जागी ३२ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) टाकणं, अर्थिंग जोडणं: ही सगळी ठेकेदाराची कामं.

थांबा: "एमसीबी सारखा पडतो, मोठा टाकून देतो" असं कुणी म्हणालं, तर नकार द्या. एमसीबी वायरचं रक्षण करतो. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला, तर भिंतीतली वायर तापत राहते आणि एमसीबी मात्र पडत नाही.

## २. डीबीपाशी उभं राहून तीन गोष्टी पाहा

डीबी म्हणजे घरातले सगळे एमसीबी बसवलेली पेटी. इथे काहीही उघडायचं नाही. झाकण लावलेलंच ठेवा आणि नुसतं वाचा.

आरसीसीबी आहे का? हे एमसीबीपेक्षा रुंद, 'टेस्ट' लिहिलेलं बटण असलेलं, विजेची गळती ओळखून वीज तोडणारं उपकरण असतं. बरेच जण अजून त्याला ईएलसीबी म्हणतात. त्यावर ३० मिलीअँपिअर किंवा ०.०३ अँपिअर असा आकडा हवा. घरगुती जोडणीसाठी गळतीची मर्यादा ३० मिलीअँपिअरच्या वर नसावी, असं नियमच सांगतात. १०० किंवा ३०० लिहिलं असेल, तर त्याच्यावर माणसाच्या संरक्षणासाठी भिस्त ठेवू नका.

एमसीबी असताना हे वेगळं कशाला, हा प्रश्न नेहमी येतो. हिशोब करून पाहा. ओल्या अंगाचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, हजार ओहमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्टला अंगातून सुमारे २३० मिलीअँपिअर वाहतात. हृदयाची लय बिघडवून जीव घ्यायला तेवढे पुरेसे आहेत. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलीअँपिअर. माणूस गिझरच्या नळाला चिकटला आहे, याची त्या एमसीबीला खबरही लागत नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहते. फरक पडला की क्षणार्धात वीज तोडते.

टेस्ट बटण दाबा. घरातला संगणक आधी बंद करा. बटण दाबताच वीज जायला हवी. गेली नाही तर आरसीसीबी निकामी आहे किंवा तिला बगल देऊन वायर जोडली आहे. ही पायरी नापास झाली, तर बाकी सगळं थांबवा.

अर्थिंग खरंच आहे का? घरोघरी सर्वात मोठी फसगत इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टेस्ट बटण फक्त आरसीसीबी तपासतं, अर्थिंग तपासत नाही. अर्थिंग नसतानाही बटण दाबल्यावर वीज जाते आणि घरच्यांना वाटतं, सगळं ठीक आहे. अर्थिंग असेल, तर गिझरच्या टाकीला फेज लागताक्षणी गळती जमिनीकडे जाते आणि कुणी हात लावायच्या आधीच आरसीसीबी पडते. अर्थिंग नसेल, तर गळतीला वाटच नसते. कुणीतरी ओल्या पायाने नळाला हात लावतो, ती वाट त्याच्या शरीरातून तयार होते आणि मग आरसीसीबी पडते. म्हणजे झटका बसतोच, फक्त तो थोडक्यात थांबतो. आणि नेमकी त्याच वेळी आरसीसीबी अडकली असेल तर थांबवणारं काहीच उरत नाही.

उलट बाजूही पाहा. "अर्थिंग उत्तम आहे, आरसीसीबी नको" हेही चालत नाही. स्वतःच्या घरच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध ५ ओहम असला, तरी फेज टाकीला लागल्यावर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअरच वाहतात. १६ अँपिअरचा एमसीबी क्षणात पडायला याहून बराच जास्त प्रवाह लागतो. ४६ अँपिअरवर तो तापून पडतो, त्याला काही सेकंद सहज लागतात, आणि तोवर टाकी जिवंत असते, म्हणजे तिच्यात वीज असते. आपल्याकडे पठारावर काळ्या पाषाणात खड्डा खणला, तर रोध ५ च्या किती तरी वर जातो, उन्हाळ्यात माती सुकली की आणखी वाढतो. त्यामुळे दोन्ही लागतात.

थांबा: तिन्ही पिनांचं सॉकेट दिसलं म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. जुन्या इमारतींत वरचं मोठं छिद्र आतून मोकळंच असतं. त्याहून वाईट प्रकार म्हणजे सॉकेटच्या मागे न्यूट्रलला तुकडा जोडून त्यालाच 'अर्थ' बनवणं. पुढे कुठेतरी न्यूट्रल सुटला, की गिझरच्या टाकीवर थेट २३० व्होल्ट येतात. असा तुकडा टाकल्यावर जर खरं अर्थिंगही कुठे जोडलेलं असेल, तर आरसीसीबी वारंवार पडते, आणि मग "ही आरसीसीबीच खराब आहे" म्हणून तिला बगल दिली जाते. दोषाची खूण दाखवणारं उपकरणच काढून टाकलं जातं.

मल्टिमीटरने सॉकेटवर फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्ट दिसले, तरी समाधान मानू नका. मीटर जवळजवळ प्रवाहच घेत नाही, त्यामुळे एका तुटक्या-गंजक्या धाग्यावरही तो पूर्ण दाब दाखवतो. खरी परीक्षा अर्थ टेस्टरची. ती वायरमनकडून करून घ्या आणि आलेला आकडा लिहून मागा.

## ३. जागा ठरवा: पाणी कुठवर उडतं ते आधी पाहा

आंतरराष्ट्रीय मानकात (आयईसी ६०३६४) बाथरूमचे पट्टे पाडलेले आहेत. टबच्या वर २.२५ मीटर उंचीपर्यंत पहिला पट्टा आणि त्याच्या बाजूला आणखी ६० सेंटिमीटर दुसरा. टब नसून नुसता शॉवर असेल, तर पाणी येणाऱ्या तोटीपासून आडवं १.२ मीटर अंतर पहिल्या पट्ट्यात येतं. या पट्ट्यांत नेहमीचं सॉकेट बसवायचं नाही.

आपल्या बाथरूमला ही मापं लावताना एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्याकडे बादली, तांब्या आणि हँडशॉवर असतो. चार बाय सहा फुटांच्या बाथरूममध्ये कोरडा कोपरा असा राहतच नाही. म्हणून माझा आग्रह साधा आहे:

- गिझरचा स्विच बाथरूमच्या दाराबाहेर. ओल्या हाताने तो दाबायची वेळच येऊ नये. दोन्ही वायरी तोडणारा, दिवा असलेला २० अँपिअरचा डीपी स्विच घ्या.
- आत सॉकेट लागलंच, तर गिझरच्या बाजूला, २.२५ मीटरच्या वर, म्हणजे साधारण साडेसात फुटांवर. गिझरच्या खाली कधीच नको, कारण वॉल्व्हमधून ठिबकणारं पाणी थेट त्याच्यावर येतं.
- दिवा आणि एक्झॉस्ट फॅन घेताना आयपीएक्स४ किंवा आयपी४४ हा शिक्का पाहा. उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण असा त्याचा अर्थ.
- वॉशिंग मशीन बाथरूममध्येच असेल, तर त्याचं सॉकेटही याच नियमात. जमिनीपासून फूटभर उंचीवर लोंबणारं एक्स्टेंशन बोर्ड आजच काढा.

## ४. वायर आणि एमसीबीचं गणित

वॉट भागिले २३० म्हणजे अँपिअर. २००० वॉटला ८.७, ३००० वॉटला १३, आणि छोट्या ४५०० वॉटच्या इन्स्टंट गिझरला १९.६ अँपिअर.

पहिल्या दोघांना १६ अँपिअरचं सॉकेट आणि १६ चा एमसीबी चालतो. वायर तांब्याची, २००० वॉटला किमान २.५ चौरस मिलिमीटर. ३००० वॉटला मी ४ ची टाकायला सांगतो, कारण कन्सिल्ड पाइपमध्ये इतर वायरींच्या गर्दीत ती तापते आणि भिंत पुन्हा फोडणं कुणालाच नको असतं. ४५०० वॉटचा गिझर १६ अँपिअरच्या प्लगवर लावायचाच नाही. त्याला ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाइन, २५ अँपिअरचा एमसीबी आणि प्लगविना थेट जोडणी लागते. आकार लहान असल्यामुळे तो कमी वीज घेतो अशी समजूत होते आणि स्वयंपाकघराच्या सॉकेटवर तो जळतो.

गिझरची लाइन डीबीपासून स्वतंत्र यावी. तिच्यासाठी दोन पोलचा एमसीबी घ्या, म्हणजे बंद केल्यावर फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो.

खरेदी करताना आयएस क्रमांक पाहा: साठवण गिझरला २०८२, इन्स्टंटला ८९७८, वायरला ६९४, प्लग-सॉकेटला १२९३.

तपासा: वीजबिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो. तो १ किलोवॉट आणि घरात ३ किलोवॉटचा गिझर येणार असेल, तर आधी भारवाढीचा अर्ज करा.

## ५. वायरमनला काम देताना

परवाना पाहायला मागा. यात संकोच करायचं काही कारण नाही, चांगला माणूस तो स्वतःहून दाखवतो. काम संपल्यावर टेस्ट रिपोर्ट मागा. नव्या जोडणीला किंवा भारवाढीला वीज कंपनी तो मागतेच, पण नुसता एक पॉइंट काढला तरी मागा. त्यात दोन आकडे हवेत: अर्थिंगचा रोध ओहममध्ये आणि मेगर या यंत्राने मोजलेला वायरींच्या इन्सुलेशनचा (वरच्या आवरणाचा) रोध. दुसरा १ मेगाओहमच्या खाली असेल, तर काम ताब्यात घेऊ नका.

फेजला लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रलला काळी, अर्थला हिरवी ही घरातल्या वायरिंगची रंगांची रीत आहे. गिझरच्या दोरीत, म्हणजे प्लगच्या केबलमध्ये, मात्र तपकिरी फेज, फिकट निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ असते. दोन्हींत निळ्याचा अर्थ वेगळा आहे. जोडताना गफलत इथे होते.

## ६. वीज खरोखर बंद करा

इथून पुढे तुमचं स्वतःचं काम, म्हणजे जुन्याच्या जागी तेवढ्याच वॉटचा गिझर. घाई करायची नाही अशी ही पायरी आहे.

१. घरात सांगा. डीबीवर कागद चिकटवा: "काम चालू आहे, हात लावू नका." घरात मुलं किंवा वयस्कर माणसं असतील, तर एकाला तिथे उभं करा.

२. गिझरचा स्विच बंद, मग त्याचा एमसीबी बंद. कुठला एमसीबी गिझरचा हे नक्की नसेल, तर मेन स्विच बंद.

३. इन्व्हर्टर बंद करा. मेन बंद केल्यावर बाथरूमचा दिवा लागलेलाच राहतो, कारण तो इन्व्हर्टरच्या लाइनवर असतो. त्याच बोर्डात हात घातला, की बॅटरीवरून आलेले २३० व्होल्ट भेटतात. ते महावितरणच्या २३० व्होल्टइतकेच जीवघेणे असतात. मेन आणि इन्व्हर्टर, दोन्ही बंद हवेत.

४. वीज गेली का ते मोजा. आधी मल्टिमीटर चालू असलेल्या सॉकेटवर लावून पाहा, २३० च्या आसपास दिसायला हवं. मग कामाच्या जागी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्या मोजा. मग पुन्हा चालू सॉकेटवर. मेन बंद असेल, तर चालू सॉकेट शेजारच्या घरातलं घ्या. शेवटची मोजणी लोक टाळतात. पण मधल्या वेळात मीटरची वायर निघाली किंवा सेल गेला असेल, तर 'शून्य' आकडा खोटा असतो.

थांबा: स्क्रूड्रायव्हरसारख्या टेस्टरचा दिवा लागला नाही, म्हणजे वीज नाही असा निष्कर्ष काढू नका. लाकडी स्टुलावर रबरी चपला घालून उभं राहिलं, तरी तो मिणमिणतो किंवा लागतच नाही. न्यूट्रल तुटलेला असेल, तर तो नको तिथे पेटतो.

डीबीचं झाकण मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नका. मेन बंद केल्यावरही त्याच्या वरच्या टोकाला मीटरकडून आलेली वीज असतेच.

## ७. जुना काढा, नवा बसवा

प्लग काढा, इनलेटचा कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडून दाब जाऊ द्या, मग इनलेटची जोडणी सोडून टाकी रिकामी होऊ द्या. २५ लिटरच्या टाकीत पाण्याचंच २५ किलो वजन असतं, भरलेली टाकी एकट्याने उतरवायला जाऊ नका. भिंत विटांची असेल, तर जुन्या खुंट्यांवर विसंबू नका, नवे अँकर फास्टनर टाका.

नव्या गिझरबरोबर येणारा सेफ्टी वॉल्व्ह इनलेटला, थंड पाण्याच्या बाजूला लागतो. त्याच्या तोंडातून पाणी ठिबकणं हे त्याचं कामच आहे. ते तोंड बंद करू नका, त्याला पाइप लावून खाली सोडा.

प्लग लावण्याआधी ही तपासणी करा, हिला जेमतेम दोन मिनिटं लागतात. मल्टिमीटर ओहमवर ठेवा. एक टोक प्लगच्या मोठ्या पिनेला, दुसरं टाकीच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला, उदाहरणार्थ नळाच्या नटाला. जवळजवळ शून्य यायला हवा. नाही आला तर अर्थची वायर आतच सुटलेली आहे. गिझर परत करा.

प्लग स्वतः जोडत असाल, तर मोठी पिन अर्थ. सॉकेटकडे समोरून पाहताना, मोठं छिद्र वर ठेवून, उजवं फेज, डावं न्यूट्रल. अर्थची वायर बाकीच्या दोन्हींपेक्षा थोडी लांब ठेवा, दोरी ओढली गेली तर ती सगळ्यात शेवटी सुटेल. स्क्रूखाली तांब्याचे सगळे धागे येऊ द्या, आणि दोरीवरची पट्टी घट्ट आवळा.

## ८. पहिल्यांदा चालू करताना क्रम उलटवू नका

- इनलेटचा कॉक उघडा, गरम पाण्याचा नळ उघडा ठेवा.
- नळातून सलग, हवेचे बुडबुडे न येता पाणी यायला लागलं की नळ बंद करा. रिकाम्या टाकीत वीज गेली तर कॉइल जळू शकते.
- सगळे सांधे कोरड्या कापडाने पुसा, दहा मिनिटांनी पुन्हा पाहा.
- आता प्लग लावा, मग एमसीबी, मग दाराबाहेरचा स्विच.
- पहिल्या गरम होण्याच्या वेळी बाथरूममध्ये कुणी नको.
- अर्ध्या तासाने स्विच बंद करून प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसला तर जोडणी ढिली आहे. सहाव्या पायरीप्रमाणे वीज बंद करून, प्लग काढून मगच ती घट्ट करा.

आरसीसीबी पडली तर ती वर करून पुन्हा-पुन्हा प्रयोग करू नका. सगळे एमसीबी बंद करा, आरसीसीबी वर करा, मग एक-एक एमसीबी चालू करा. ज्याच्यावर पडते ती लाइन दोषी. गिझरच्या लाइनवर पडत असेल, तर प्लग काढून पाहा. आता टिकली तर दोष गिझरमध्ये, तरीही पडली तर वायरमध्ये.

## ९. नंतरची देखभाल आणि अपघात झाला तर

महिन्यातून एकदा टेस्ट बटण. पावसाळ्यानंतर प्लग काढून पिना काळ्या पडल्या आहेत का ते पाहणं. स्वतंत्र घर असेल, तर उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालणं. आंघोळीला जाताना गिझर बंद करणं ही सवय चांगलीच, पण ती अर्थिंगची जागा घेत नाही.

बादलीत सोडायचा रॉड वापरत असाल, तर पाण्यात सोडल्यावर प्लग लावा आणि प्लग काढल्यावरच पाण्याबाहेर घ्या. पाणी तापलं का ते बोट घालून पाहायचं असेल, तर त्याआधी प्लग हातात हवा. स्टीलऐवजी प्लास्टिकची बादली घेतली, तरी पाणी जिवंत असू शकतं.

कुणाला झटका बसून तो चिकटलेला दिसला, तर त्याला धरायला धावू नका. आधी मेन बंद. मेनपर्यंत पोहोचता येत नसेल, तर कोरड्या जमिनीवर उभं राहून कोरड्या लाकडी काठीने वायरीपासून सोडवा. मग १०८ ला फोन करा. श्वास नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, जोरात दाबत राहा आणि मदत येईपर्यंत थांबू नका. माणूस उठून बसला आणि "काही झालं नाही" म्हणाला, तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे नेऊन ईसीजी काढून घ्या.